चाल तीच, शब्द दुसरे : विडंबनगीतांचा इतिहास आणि एक जुनी वही



आजचा विषय कळला तेव्हा आमच्या ओळखीच्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी आम्हाला विचारलं, "यात इतिहास तो कसला? गॅदरिंगमध्ये पोरं करतात ती गंमत!" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर म्हणून एका वहीची गोष्ट सांगतो आणि मग मूळ विषयाकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी एका घरी आम्हाला जुन्या गणेशमेळ्याची वही पाहायला मिळाली. पुठ्ठा गेलेला, शाई पिवळी पडलेली. आत पंचवीस-तीस पदं. महागाईवर, रेशनच्या रांगेवर, फॅशनवर, घरमालकावर. प्रत्येक पदाच्या डोक्यावर 'चाल' असं लिहून पुढे कुठल्या तरी गाण्याचे पहिले दोन-तीन शब्द. आम्ही पदं वाचत गेलो आणि खरं सांगायचं तर हसू काही येईना. यमकं बरी होती, पण लोक यावर का हसले असतील ते कळेना.

तेवढ्यात आतून त्या घरातल्या आजी आल्या. "कुठलं पद वाचताय?" म्हणाल्या. आम्ही चालीचे शब्द वाचून दाखवले. आजींनी आधी मूळ गाणं गुणगुणलं. विरहाचं, अगदी हळवं गाणं होतं ते. मग त्याच सुरात, तसाच गळा भरून आणत त्यांनी वहीतलं पद म्हटलं. त्यात विरह होता तो रॉकेलचा! खोलीतले सगळे खो-खो हसले. पद तेच, पाच मिनिटांपूर्वी आम्ही कोरड्या तोंडाने वाचलेलं. पण त्याचा अर्धा भाग कागदावर नव्हताच. तो आजींच्या कानात होता.

उरलेल्या पदांपैकी जवळजवळ निम्म्या चाली आजींनाही आठवल्या नाहीत. म्हणजे ती पदं आज वाचता येतात, ऐकू मात्र येत नाहीत. विडंबनाचा इतिहास लिहायचा तर अडचण आहे ती ही. आणि म्हणूनच तो लिहायला हवा, असं आमचं म्हणणं आहे.

चाल कोणाची?

आधी एक गोष्ट स्पष्ट करू. दुसऱ्याच्या चालीवर आपले शब्द बसवणं यात मराठी माणसाला पूर्वी काहीच वावगं वाटत नव्हतं. ओवी, अभंग, साकी, दिंडी हे साचे सगळ्यांचे. विहिरीवर कोणीही पाणी भरावं, तसे. एकनाथांनी भारुडं रचली तेव्हा वासुदेव, जोशी, गोंधळी यांचे लोकांच्या ओळखीचे आवाज उचलले आणि त्यांच्या तोंडी अध्यात्म घातलं. ऐकणाऱ्याला आवाज ओळखीचा वाटायचा, म्हणून तो थांबायचा. थांबला की मग सांगायचं ते सांगता यायचं.

पुढे ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'संगीत शाकुंतल' रंगभूमीवर आलं. त्यातल्या पदांच्या चाली कीर्तनातल्या, लावणीतल्या, कानडी नाटकांतल्या अशा ठिकठिकाणच्या. संगीत नाटकांची जुनी पुस्तकं उघडून बघा, पदाच्या वर 'चाल' असं छापून कोणत्या गाण्यासारखं म्हणायचं ते सांगितलेलं असतं. १८९६ साली श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचं 'वीरतनय' आलं, त्यात पारशी रंगभूमीवरच्या चाली आल्या. कोणी चोरी म्हटलं नाही, कोणी हसलंही नाही. कारण ते विडंबन नव्हतंच.

मग विडंबन कशाला म्हणायचं? आम्ही एक साधी खूण सांगतो. गणपतीच्या मांडवात सिनेमाच्या चालीवर बसवलेलं भक्तिगीत तुम्ही सगळ्यांनी ऐकलेलं आहे. ते गाणाऱ्याची मनोमन इच्छा असते की ऐकणाऱ्याला मूळ गाणं, त्यातली ती नटी, तो पाऊस, काही आठवू नये. विडंबन करणाऱ्याचं बरोबर उलटं असतं. त्याला हवं असतं की वरचे शब्द चालू असताना खालचं गाणं ऐकू येत राहावं. दोन्ही गाणी एकाच वेळी कानात वाजली पाहिजेत आणि त्यांची टक्कर झाली पाहिजे. हसू येतं ते त्या टकरीतून.

आता करणाऱ्याच्या बाजूने बघा. काम दिसतं तेवढं सोपं नाही. पहिली अट अशी की मात्रा हलू द्यायच्या नाहीत. मूळ गाण्यात जिथे दीर्घ अक्षरावर सूर लांबतो, तिथे तुमचंही दीर्घच अक्षर हवं, नाहीतर गाणारा अडखळतो आणि अडखळला की विनोद मेला. दुसरी, ध्रुवपदातला शक्य तितका भाग जसाच्या तसा ठेवायचा आणि नेमका एखादा शब्द फिरवायचा. चंद्राच्या जागी नळ आणा, बाकी आळवणी तशीच ठेवा. तिसरी अट सगळ्यांत अवघड. मूळ गाण्याचा गंभीरपणा सोडायचा नाही. गाणाराच हसायला लागला तर लोक हसत नाहीत. आमच्या आजी बघा, रॉकेलसाठी त्यांनी गळा अगदी खरा भरून आणला होता.

मेळे आणि जलसे

महाराष्ट्रात या प्रकाराला मोठं व्यासपीठ मिळालं ते मेळ्यांत. १८९३-९४ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला आणि गाणाऱ्या मुलांचे मेळे निघाले. एकसारखा पोशाख, हातात टिपऱ्या किंवा लेझीम, ओळीने चालत पदं म्हणायची. हा साचा कुठून आला? बराचसा मोहरमच्या मिरवणुकीतून. पुण्यात ताबुतांच्या मिरवणुकीत हिंदू लोकही हौसेने जात, त्यांच्याही गाणाऱ्या टोळ्या असत. १८९३ च्या मुंबईतल्या दंगलीनंतर वातावरण फिरलं आणि सुरुवातीच्या मेळ्यांच्या पदांत चक्क असा उपदेश येऊ लागला की आता ताबुतांत नाचायला जाऊ नका. ज्या अंगणातून साचा उचलला, त्याच अंगणात पाऊल टाकू नका म्हणून सांगायचं! इतिहासात असे प्रसंग येतात. ते झाकून ठेवू नयेत.

मेळ्यांनी सरकारची टिंगल केली, परदेशी कापडाची केली, समाजसुधारकांचीही केली. लोकांच्या तोंडी असलेली नाटकातली चाल घ्यायची आणि त्यावर आपला मजकूर चढवायचा. वर्तमानपत्र न वाचणाऱ्या माणसालाही ते एकदा ऐकून पाठ व्हायचं. इंग्रज सरकारला याची धास्ती उगाच नव्हती. १९१० च्या सुमाराला सरकारने मेळ्यांवर कडक निर्बंध घातले.

त्याच काळात दुसरीकडे वेगळं काही घडत होतं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे त्या विचाराच्या मंडळींनी जलसे सुरू केले. त्यांनी साचा घेतला तमाशाचा. लोक जमतात कशाला ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. ढोलकी तीच, गणापासून बतावणीपर्यंतची मांडणी ओळखीची, पण आत मजकूर भरला पुरोहितशाही आणि सावकारी यांच्यावरच्या टीकेचा. खेडोपाडी लिहिता-वाचता न येणाऱ्या शेतकऱ्याला गहाणखत म्हणजे काय आणि आपल्याला कसं फसवलं जातं, हे त्याने हसत हसत ऐकलं.

१९२० च्या दशकात पुण्यात या दोन्ही धारा समोरासमोर आल्या. एका बाजूला प्रस्थापित गणेशमेळे, दुसऱ्या बाजूला केशवराव जेधे, दिनकरराव जवळकर यांच्या पुढाकाराने निघालेला ब्राह्मणेतरांचा छत्रपती मेळा. गाण्याला गाणं भिडलं. त्यात तिखट होतं, मार्मिक होतं आणि अगदी शिवराळही होतं. एकमेकांच्या पूज्य माणसांवर, घरातल्या स्त्रियांवर घसरेपर्यंत मजल गेली. हे सगळं 'जुनं ते सोनं' म्हणून डोक्यावर घ्यावं असं आम्हाला वाटत नाही. पण एक बघा, गावातला वाद त्या काळी गाण्यातून लढला जात होता आणि लढणाऱ्या दोघांनाही एकमेकांच्या चाली पाठ होत्या.

झेंडूची फुले

आता त्याच पुण्यात, त्याच दशकात, पण वेगळ्या गल्लीत जाऊ. १९२३ साली रविकिरण मंडळ स्थापन झालं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, श्री. बा. रानडे, मनोरमाबाई रानडे वगैरे कवी. या मंडळींनी एक मोठी गोष्ट केली. कविता पुस्तकातून काढून गळ्यात आणली. ते सभांतून कविता गाऊन दाखवत आणि लोक गर्दी करत. सिनेमा अजून बोलायला लागला नव्हता. पहिला मराठी बोलपट 'अयोध्येचा राजा' आला तो १९३२ साली. तेव्हा नाटकातल्या पदांबरोबर या कविता म्हणजे त्या वेळची लोकप्रिय गाणीच होती असं म्हणायला हरकत नाही. आणि एखादी गोष्ट इतकी लोकप्रिय झाली की तिच्या लकबीही तयार होतात. प्रेयसीला हाका मारणं, फारसी शब्दांची पेरणी, सुनीतांचा सुकाळ, मासिकात कवितेबरोबर कवीचा फोटो.

प्रल्हाद केशव अत्रे हे सगळं बघत होते. त्यांनी 'केशवकुमार' या नावाने विडंबनं लिहिली आणि १९२५ साली 'झेंडूची फुले' हे पुस्तक आलं. नावापासूनच सुरुवात आहे बघा. कवींच्या बागेत जाई-जुई, पारिजात, बकुळ यांची गर्दी. त्यात हे दसऱ्याला दारावर लटकणारं झेंडूचं फूल.

त्यातली 'आम्ही कोण?' घ्या. मूळ कविता केशवसुतांची. कवी म्हणजे कोण, याचं तेजस्वी उत्तर देणारी. वृत्त शार्दूलविक्रीडित, म्हणजे प्रत्येक चरणात १९ अक्षरं आणि बाराव्या अक्षरावर थांबा. अत्र्यांनी वृत्त तेच ठेवलं, नाव तेच, प्रश्न तोच, छाती काढून बोलण्याचा आवेशही तोच. फक्त उत्तर देणारा कवी बदलला. केशवसुतांचा कवी विश्वाला नवं रूप देतो. अत्र्यांचा कवी विचारतो, मासिकात आमचा फोटो नाही का पाहिलात? थट्टा कोणाची झाली? केशवसुतांची नक्कीच नाही. केशवसुतांचा अंगरखा घालून मिरवणाऱ्यांची झाली. मूळ कविता उंच आहे म्हणूनच तो अंगरखा त्यांच्या अंगावर ढगळ दिसतो.

तसंच रेव्हरंड टिळकांचं. त्यांनी उडून गेलेल्या पाखराला आर्त हाक मारली. अत्र्यांनी तीच हाक कपडे घेऊन गेलेल्या परिटाला मारली. ही विडंबनं वाचताना आम्हाला एक गोष्ट नेहमी जाणवते. ज्याने मूळ कविता शंभर वेळा मनात घोळवलेली नाही, त्याला हे जमणारच नाही. स्वतः अत्र्यांनी गंभीर कविताही लिहिल्या, 'गीतगंगा' त्यांचीच. चांगला विडंबनकार बहुतेक वेळा मूळ गाण्याचा सगळ्यांत बारकाईने ऐकणारा श्रोता असतो.

मात्र काळाने इथेही चमत्कार केलाय. 'झेंडूची फुले' आजही वाचलं जातं, पण त्यातल्या कितीतरी विडंबनांचं मूळ आज कोणाला ठाऊक नाही. सावली शिल्लक राहिली आणि झाड गेलं. आमच्या वहीसारखंच म्हणा ना.

चाळीतली सुरुवात

आता एक उदाहरण असं सांगतो, की ज्यामुळे 'गॅदरिंगची गंमत' म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. वामनदादा कर्डक. १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी गावात जन्म. मुंबईला येऊन कामगार वस्तीत राहिले, पडेल ते काम केलं. अक्षरओळखही झाली ती मोठेपणी. बाबासाहेबांचा विचार गावोगाव नेणारी शेकडो गाणी पुढे या माणसाने लिहिली. पण त्यांचं पहिलं गाणं कोणतं? १९४३ साली लिहिलेलं ते गाणं म्हणजे एका हिंदी सिनेगीताचं विडंबन होतं. लोक हसले, लोकांना ते आवडलं आणि आपल्याला गाणं जुळवता येतं हे त्या तरुणाला कळलं.

यात नवल वाटण्यासारखं काही नाही. विचार करा, त्या वस्तीतल्या तरुणाकडे काय होतं? पेटी नाही, गुरू नाही, छापखाना तर नाहीच. पण इराण्याच्या हॉटेलात रेकॉर्डी वाजत होत्या, सिनेमाची गाणी रस्त्यावर फुकट ऐकू येत होती. चाल आयती मिळत होती आणि ऐकणाऱ्यांनाही ती आधीच पाठ होती. फक्त शब्द आपले घालायचे. आंबेडकरी जलशांनी आणि नंतरच्या गायन पार्ट्यांनी लोकप्रिय चालींचा असाच उपयोग केला. सुरुवात विडंबनाची असेल, पण हळूहळू खालचं गाणं ऐकू येईनासं झालं आणि वरचं गाणंच लोकांचं झालं. विडंबन ही अनेकांसाठी गाणं शिकण्याची शाळा होती, बिनफीची.

आमच्या हातून झालेली एक चूक

इथवर आम्ही कौतुकच जास्त केलं. आता दुसरी बाजू, आणि ती आमच्यावरच शेकणारी आहे.

'विडंबन' आणि 'विटंबना' हे दोन शब्द मुळात एकाच घरातले. संस्कृतात विडंबन म्हणजे नक्कल आणि उपहासही. मराठीत आल्यावर दोघांनी संसार वेगळे थाटले. एक हसवतो, दुसरा माणसाची लाज काढतो. पण भिंत एकच आहे आणि ती फार पातळ आहे.

कॉलेजात असताना स्नेहसंमेलनासाठी आम्ही एक विडंबनगीत लिहिलं. शेलापागोटे, फिशपॉन्ड सगळं जोरात होतं. आमच्या कॉलेजात एक शिपाई होते. सगळे त्यांना मामा म्हणत. मामा बोलताना अडखळायचे. आम्ही गाण्याची चाल अशी निवडली की तिच्यात एक अक्षर पुन्हा पुन्हा येतं आणि त्या जागी मामांचं अडखळणं चपखल बसवलं. मात्रा एकही हलली नाही. हॉल डोक्यावर घेतला पोरांनी. मामा तेव्हा मागे खुर्च्या लावत होते. ते हसत होते का? आम्हाला सांगता येणार नाही, कारण आम्ही तिकडे पाहिलंच नाही. कार्यक्रमानंतर ते नेहमीसारखे चहा घेऊन आले. कप ठेवताना म्हणाले, "गाणं बरं बसवलं तुम्ही पोरांनी." त्यातही ते दोनदा अडखळले. तो चहा आम्हाला अजून आठवतो.

त्या गाण्यात कारागिरी कमी होती का? नाही. वर सांगितलेल्या तिन्ही अटी पाळलेल्या होत्या. मग चुकलं कुठे? खूप वर्षं विचार केल्यावर आम्हाला एक कसोटी सापडली आणि ती आपल्याच परंपरेतली आहे. शाहिरांच्या कलगी-तुऱ्यात सवाल टाकला की समोरच्याला जवाब द्यायची पाळी मिळते. डफ त्याच्याही हातात असतो. विडंबनाला हाच नियम लावून बघावा. ज्याच्यावर गाणं रचलं, त्याला उलट गाता येतं का?

रविकिरण मंडळाच्या कवींना गाता येत होतं. त्यांच्या हातात मासिकं होती, श्रोते होते. जलशातल्या भटजी-सावकाराला उत्तर देण्यासाठी तर अख्खी व्यवस्था हाताशी होती. छत्रपती मेळा आणि गणेशमेळे एकमेकांना उत्तरं देतच होते, पण ज्या घरातल्या बायकांवर ते घसरले, त्या बायकांना कोणी डफ दिला होता? तिथे विटंबना झाली. आणि आमच्या मामांना तर बोलतानाच त्रास व्हायचा. त्यांनी उलट गावं तरी कसं? आम्ही नेमकं त्यांच्या न गाण्यावर गाणं रचलं.

आज ही कसोटी जास्त कामाची आहे. निवडणूक आली की रिक्षावर भोंगा लावून सिनेमाच्या चालीवर प्रचार चालतो. त्यात उमेदवार उमेदवाराची टर उडवतो. हरकत नाही, उद्या दुसऱ्याचा भोंगा येतोच. पण मोबाईलवर एखाद्या सामान्य मुलीवर, एखाद्या अडाणी ठरवलेल्या माणसावर गाणं फिरतं तेव्हा ते लाखभर लोक ऐकतात आणि तिचा जवाब कोणीच ऐकत नाही. पूर्वी मेळा गल्लीपुरता होता. दहा दिवसांनी गणपतीबरोबर पदंही विसर्जित व्हायची. आता विसर्जन नाही.

शेवटी, ती वही

समारोप करतो. विडंबनगीत हा इतिहासाचा कच्चा पण प्रामाणिक पुरावा आहे. सरकारी कागद सांगतात रेशन किती मिळालं. विडंबनगीत सांगतं की रांगेत उभं राहिलेल्या बाईला त्या वेळी काय वाटत होतं, आणि वर हेही सांगतं की त्या काळी सगळ्या गल्लीला कोणतं गाणं पाठ होतं. कारण लोकांना न येणाऱ्या गाण्याचं विडंबन कोणी करतच नाही. लोकप्रियतेचा यापेक्षा खात्रीचा पंचनामा आम्हाला ठाऊक नाही.

पण हा पुरावा अर्धा कागदावर आणि अर्धा माणसांत असतो. कागदाचा फोटो काढता येतो. दुसरा अर्धा भाग मात्र वयाने थकत चाललाय. म्हणून एवढीच विनंती. घरात अशी वही असेल, मेळ्याची, जलशाची, भजनी मंडळाची, कॉलेजच्या गॅदरिंगची, तर रद्दीत घालू नका. आणि ज्यांना त्या चाली येतात त्यांना शेजारी बसवून, आधी मूळ गाणं आणि मग वहीतलं पद, असं दोन्ही म्हणायला सांगा. मोबाईलवर घ्या. क्रम चुकवू नका. आधी मूळ, मग विडंबन.

आम्ही त्या आजींकडे दुसऱ्यांदा गेलो ते रेकॉर्डिंग करायचं ठरवूनच. तोवर चार महिने गेले होते. आजी होत्या, ओळखलंही आम्हाला. रॉकेलचं पद त्यांनी पुन्हा म्हणून दाखवलं, शब्द एकही न चुकता. पण मूळ गाणं काही त्यांना आठवेना. "होतं खरं काहीतरी विरहाचं," एवढंच म्हणाल्या.

इथेच थांबतो.